कपाटातले कॅमेरे: नैरोबीच्या एका प्रशिक्षण केंद्राचे प्रकरण

हे प्रकरण नैरोबीच्या पूर्व भागातल्या, ईस्टलँड्स म्हणतात त्या पट्ट्यातल्या एका लहान प्रशिक्षण केंद्राचे आहे. तिथे वस्तीतल्या तरुण मुलामुलींना फोटोग्राफी आणि फिल्म बनवणे फुकट शिकवले जाते. केंद्राचे नाव, नेमकी वर्षे आणि ओळख पटेल असा तपशील मुद्दाम गाळला आहे. कामाचे मूल्यमापन करणाऱ्या गटात मी होतो. केंद्राच्या नोंदवह्या, बैठकांची टिपणे आणि शिकून बाहेर पडलेल्यांशी झालेले बोलणे यांवरून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत दर चार माणसांमागे तिघे पस्तिशीच्या आतले निघाले. पक्की नोकरी थोड्यांनाच, त्यामुळे कॅमेरा हा धंदा होऊ शकतो ही कल्पना तिथे सहज रुजते. युनेस्कोने २०२१ मध्ये आफ्रिकेच्या चित्रपट उद्योगावर अहवाल काढला. या उद्योगावर सुमारे ५० लाख लोकांचे पोट आहे आणि नीट लक्ष घातले तर ते २ कोटींचे भरेल, असा अंदाज त्यात होता. पुढे हा २ कोटींचा आकडा देणगीच्या अर्जांत हमखास दिसू लागला. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी उतरवून घेत नाही: दोन-तृतीयांश देशांत निम्म्याहून जास्त उत्पन्न पायरसी गिळते, असे धंद्यातल्याच लोकांचे म्हणणे त्यात नोंदलेले आहे.

नैरोबीत वस्तीतल्या पोरांच्या हाती कॅमेरा देणे ही नवी गोष्ट नव्हे. माथारेतल्या युवा क्रीडा संघटनेत १९९७ मध्ये ‘शूटबॅक’ हा प्रकल्प सुरू झाला. मुलांना साधे प्लास्टिकचे कॅमेरे दिले आणि त्यांच्या वस्तीचे फोटो त्यांनाच काढायला लावले. नंतर किबेरात फिल्म शाळा निघाली. शेजारच्या युगांडात, कंपालाला, मीरा नायर यांनी २००४ मध्ये ‘मायशा फिल्म लॅब’ उभी केली. आणि या सगळ्याला समांतर, कोणाच्याही देणगीशिवाय, नैरोबीच्या रिव्हर रोडवर स्थानिक भाषांतल्या स्वस्त फिल्मांचा बाजार चालत आला. त्याला लोक रिव्हरवूड म्हणतात.

आपले केंद्र पहिल्या परंपरेतले. एका चर्चच्या सभागृहावरच्या दोन खोल्या, युरोपातून येणारी देणगी, सहा महिन्यांचा कोर्स. आधी फोटो, मग व्हिडिओ, शेवटी संगणकावर एडिटिंग. समारोपाला प्रदर्शन, त्याला वकिलातींचे लोक येत, फोटोंपुढे उभे राहून हळहळत. दुसऱ्या दिवशी कॅमेरे लोखंडी कपाटात जात. किल्ली संचालिकेकडे.

प्रश्न कुठे होता

काही तुकड्या बाहेर पडल्यावर देणगीदाराने विचारले, यातले कमावतात किती? तोवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्यामुळे माहितीही नव्हती. हिशेबनीसाने जुन्या नोंदणी फॉर्मवरचे फोन नंबर काढून एकेकाला गाठले. कॅमेऱ्यावर घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकीचे बांधकामावर, दुकानात, एक जण माटाटूवर, म्हणजे खाजगी मिनीबसवर, कंडक्टर. काही जण फोनवर फोटो काढत होते, मित्रांचे, फुकट.

संचालिकेचा पहिला निष्कर्ष असा की शिकवणे कमी पडले. तो चूक होता. मुलांचे काम बघितले तर शिकवणे चांगलेच होते. अडचण तीन जागी होती आणि तिन्ही वर्गाच्या बाहेर.

पहिली, प्रमाणपत्र मिळाले त्या दिवसापासून हातात कॅमेरा नव्हता. कॅमेऱ्याची बॉडी आणि एक बरी लेन्स म्हणजे त्या घरांची कित्येक महिन्यांची कमाई. शहरात भाड्याने मिळतो, पण दुकानदार ओळखपत्र, अनामत आणि ओळखीचा जामीन मागतो. वस्तीतल्या विशीच्या पोराला जामीन कोण राहणार?

दुसरी, कोर्समध्ये शिकवलेले आणि बाजारात विकले जाणारे यांचा मेळ नव्हता. मुले डॉक्युमेंटरी शिकली होती. बाजार मागत होता लग्ने, चर्चचे कार्यक्रम, विद्यापीठाचा पदवीदान, गाण्यांचे व्हिडिओ, बुटांच्या दुकानाचे इन्स्टाग्राम. यातले काही केंद्रात शिकवत नव्हते. कारण कोणी बोलून दाखवले नाही, पण ते हलके काम समजले जाई.

तिसरी अडचण भावाची. ‘किती घेणार?’ असे गिऱ्हाइकाने विचारले की मुलगा म्हणे, ‘तुम्हीच सांगा.’ मग गिऱ्हाईक सांगे.

याच सुमारास एक प्रकार घडला आणि त्याने केंद्र हलले. एका संस्थेच्या दवाखान्याचे फोटो काढायला केंद्राने एका माजी विद्यार्थिनीला ‘सराव होईल’ म्हणून पाठवले होते. तिला फक्त जाण्यायेण्याचे पैसे मिळाले. वर्षअखेरीस तिचा फोटो त्या संस्थेच्या कॅलेंडरवर आला, नाव नाही, मोबदला नाही. ती केंद्रात आली आणि तिने एकच विचारले, ‘म्वालिमू, हा फोटो कोणाचा?’ म्वालिमू म्हणजे गुरुजी, केंद्रात शिकवणारे गृहस्थ.

उत्तर तिला आवडणारे नव्हते. केनियाच्या २००१ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क मुळात निर्मात्याचा, पण काम कोणी सांगून करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क करून घेणाऱ्याकडे गेला असे धरतात. (आपल्याकडेही १९५७ च्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची गत जवळपास हीच आहे. आपल्याकडच्याही किती फोटोग्राफरांना ते ठाऊक असते, कोण जाणे.) म्हणजे एका कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर हक्क तिच्याकडे राहिला असता. त्या दोन ओळी केंद्राने कधी शिकवल्याच नव्हत्या, आणि तिला विनाकरार पाठवणारेही केंद्रच.

समोर असलेले पर्याय

यावर झालेल्या बैठकांची टिपणे वाचनीय आहेत. चार वाटा मांडल्या गेल्या.

देणगीदाराचा कल प्रगत कोर्सकडे होता: आणखी सहा महिने, परदेशी पाहुणे शिक्षक, चांगले कॅमेरे. पैसे लगेच मिळत होते, म्हणून ही वाट सर्वात मोहाची. पण आधीच्या कोर्सने जे जमले नाही ते लांबवल्याने कसे जमणार, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

प्रत्येकाला कोर्सनंतर एक कॅमेरा देऊन टाकावा, ही दुसरी सूचना. हिशेबनीसाने ती एका वाक्यात मोडीत काढली: घरात आजारपण आले की कॅमेरा लुथुली अव्हेन्यूवर विकायला जाईल. लुथुली अव्हेन्यू म्हणजे नैरोबीचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. वस्तीतल्या माणसांबद्दल असे बोलणे कठोर वाटेल, पण हिशेबनीस त्याच वस्तीत वाढलेला होता. असे दिलेले शिवणयंत्र विकताना त्याने स्वतःच्या घरी पाहिले होते.

तिसरी वाट, केंद्रानेच कामे घ्यावीत आणि माजी विद्यार्थ्यांना रोजंदारीवर लावावे. संचालिकेला ही पसंत होती. संस्थांशी तिच्या ओळखी होत्या, कामे मिळाली असती. म्वालिमूंनी हरकत घेतली. ते स्वतः जुन्या स्टुडिओवाल्यांपैकी, तरुणपणी उहुरू पार्कात लोकांचे फोटो काढून हातोहात विकलेले. त्यांचे म्हणणे असे की गिऱ्हाईक केंद्राचे राहील, पोराचे होणार नाही. उद्या देणगी थांबली की केंद्रही जाईल आणि गिऱ्हाईकही.

चौथी वाट एका माजी विद्यार्थ्याने सुचवली. कपाट आम्हाला उघडून द्या, आम्ही चामा काढतो. चामा म्हणजे आपली भिशी: दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची, पाळीपाळीने उचलायची. केनियात चामा गल्लोगल्ली आहेत आणि एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा आल्यापासून, म्हणजे २००७ पासून, वर्गणी फोनवरूनच जाते. या चामाचा वेगळेपणा एवढाच की पैशासोबत कॅमेराही पाळीने फिरणार होता आणि एकाच्या नुकसानीला सगळे जामीन राहणार होते.

खरा निर्णयाचा क्षण इथे होता, आणि तो पैशाचा नव्हता. कपाटाची किल्ली संचालिकेने सोडायची की नाही, एवढाच मुद्दा होता. कॅमेरे देणगीदाराच्या मालमत्ता-यादीत होते. हरवला तर जबाब तिला द्यावा लागणार. टिपणांवरून दिसते की ती दोन बैठका गप्प राहिली. शेवटी तिने अर्धे कपाट उघडायचे ठरवले: जुन्या बॉडी चामाकडे, नव्या वर्गात. माझ्या मते त्या क्षणी यापेक्षा शहाणा निर्णय शक्य नव्हता, पुढे त्यातून कटकटी निघाल्या तरी.

काय केले

चामाने कामाच्या रकमेतून ठराविक हिस्सा कॅमेऱ्याच्या भाड्यापोटी गोळा करायला सुरुवात केली. ठोक भाडे ठेवले नाही, कारण लहान काम घेणारा त्यात मेला असता. प्रत्येक कामाआधी आणि नंतर दोघांसमोर तपासणी: लेन्सवर ओरखडा, बॅटऱ्या किती, कार्ड किती. सही.

कोर्सची उलटापालट झाली. डॉक्युमेंटरी शेवटी गेली आणि सुरुवातीला आला रुरासिओ. किकुयू समाजात लग्न ठरवताना दोन्ही घरांची देवाणघेवाणीची बोलणी होतात, तो समारंभ. पुढचा न्गुरारिओ त्याहून मोठा. आता या कार्यक्रमांना मांडव, जेवणावळी, एकसारखे कपडे आणि अर्थातच फोटो-व्हिडिओ आले आहेत. शनिवार-रविवारची कमाई इथेच.

म्वालिमू हे कसे शिकवत ते सांगण्याजोगे आहे. पहिल्या दिवशी कॅमेरा नाहीच. फळ्यावर समारंभाचा क्रम. वरपक्ष येतो तेव्हा फाटक बंद असते आणि बायका गाण्यातून सवालजवाब करतात, तेव्हा तुम्ही आत हवे की बाहेर? नवरी इतर मुलींसोबत लेसोच्या कापडांत नखशिखांत झाकलेली असते आणि नवऱ्याने तिला ओळखायचे असते. कापड उचलले जाते त्या क्षणी तोंड कोणाचे टिपणार, तिचे की त्याचे? न्गुरारिओत बोकडाचा खांदा कापतात, तो विधी चुकला तर बाकी फोटो कितीही चांगले असोत, पैसे मिळणार नाहीत. लग्न त्यावर ठरते. नव्या पोरांना केक महत्त्वाचा वाटतो, घरच्यांना खांदा.

दुसरा धडा उजेडाचा. किआंबूच्या टेकड्यांवरच्या एखाद्या अंगणात भर दुपारी पांढरा मांडव. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो मांडवाचा पांढरा उजेड बघून एक्स्पोजर खाली खेचतो आणि काळी कातडी नुसती सावली होऊन बसते. डोळे आणि दात तेवढे दिसतात. वऱ्हाडी मंडळींना याचा मनस्वी राग येतो, आणि तो रास्त आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक ज्या नमुना कार्डांवरून लॅबमध्ये रंग जुळवून घेई, त्या कार्डांवर कित्येक दशके गोऱ्या बाईचाच चेहरा होता. उपकरणाची ही खोड जुनी आहे. म्वालिमू म्हणत, चेहऱ्यावर उजेडाचे मीटर लावू नका, कपाळावरच्या घामाची चमक फसवते. मांडवाच्या त्याच उजेडात आपला तळहात धरा, त्यावर रीडिंग घ्या आणि एक स्टॉप उघडा, म्हणजे उजेड दुप्पट आत येऊ द्या. तळहाताचा रंग माणसामाणसांत कातडीइतका बदलत नाही. मग कोणाचाही चेहरा असो, सावळा किंवा कोळशासारखा, आपल्या जागी येतो. मी हे तिथे पाहिले: एक मुलगी मांडवाच्या कडेला उभी राहून स्वतःच्या पंजाचा फोटो काढत होती आणि नवरीची मावशी तिच्याकडे वेड्यासारखी बघत होती.

तिसरा बदल कागदाचा. इंग्रजी आणि स्वाहिलीत एका पानाचा करार. तारीख, किती तास, किती फोटो, कधी देणार, निम्मी रक्कम एम-पेसावर आधी आल्याशिवाय तारीख पक्की नाही, आणि हक्क फोटोग्राफरचा, घरगुती वापराची मोकळीक गिऱ्हाइकाला. संस्थांसाठी वेगळे पान: नावासह छापणे, कुठे आणि किती काळ. लहान मुलांचे फोटो असतील तर पालकांची लेखी संमती. केनियाचा २०१९ चा डेटा संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकाची संमती मागतोच, पण केंद्राने ती त्याआधीच मागायला हवी होती.

भाव बोलण्याचा सरावही वर्गात झाला. हिशेबनीस गिऱ्हाईक होई आणि निर्दयपणे घासाघीस करी. ‘माझा पुतण्या आयफोनवर फुकट काढतो,’ हे वाक्य त्याचे आवडते. त्याला काय उत्तर द्यायचे, यावर हशा पिकत एक अख्खी दुपार गेली. मुलांच्या मते कोर्समधला सगळ्यात कामाचा तास तोच.

परिणाम

पहिल्या हंगामात चामातल्या बहुतेकांना नियमित कामे मिळू लागली. एम-पेसाच्या नोंदी हाच त्यांचा हिशेब, त्यामुळे कोणी किती कमावले यावर वाद झाला नाही. दोघांनी मिळून स्वतःचा कॅमेरा घेतला आणि ते चामातून बाहेर पडले. केंद्रात याला यश म्हणायचे की फूट, यावर बरीच बोलाबोली झाली. मला ते यश वाटते.

मग चोरी झाली. लग्नाहून रात्री परतणाऱ्या एका मुलाला बोडा-बोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून, उतरताच गाठून बॅग हिसकावली. मोटरसायकलवाला पळून गेला होता, त्यात सामील होता की घाबरला होता ते कळले नाही. कॅमेरा गेला, सोबत लग्नाचे फोटो असलेले मेमरी कार्डही गेले. कॅमेऱ्याचे चामाने भरले, नियम तसाच होता. पण लग्नाचे फोटो कुठून आणणार? नवरीच्या घरच्यांना पूर्ण पैसे परत द्यावे लागले आणि त्या भागातली कामे काही काळ बंद झाली. त्यानंतर नियम झाला: दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारी बॉडी असेल तर एक कार्ड बॅगेत, दुसरे मोज्यात, आणि कॅमेऱ्याची बॅग म्हणून शाळेचे जुने दप्तर.

चोरीने एक दुसरी गोष्ट उघडी केली. चामात मुली निम्म्या होत्या, पण संध्याकाळनंतर संपणारी कामे त्या घेत नव्हत्या, आणि मोठी रक्कम नेमकी तिथे. कमाईच्या नोंदी मुलगा-मुलगी असा वेगळा हिशेब करून कोणी पाहिल्याच नव्हत्या. पाहिल्या तेव्हा तफावत डोळ्यांत भरणारी होती. मुलींनीच मग दिवसाचे काम शोधले: पदवीदानाचे फोटो, दुकानांसाठी वस्तूंचे फोटो, चर्चचे सकाळचे कार्यक्रम. एका मुलीने घराच्या खिडकीशी पांढरा कागद लावून बुटांचे फोटो काढायचे काम उभे केले. तिला आता कॅमेरा पाळीने नको आहे, कायमचा हवा आहे.

एक तोटा कोणी नोंदवला नाही, म्हणून इथे सांगतो. डॉक्युमेंटरी शेवटी ढकलल्यावर प्रदर्शन लहान झाले, नंतर बंदच पडले. सगळ्यात तयार नजर असलेला एक मुलगा, कचरावेचकांवर काम करणारा, रुरासिओत रमला नाही. त्याने दोन-तीन ऑर्डरी केल्या आणि सोडले. दक्षिण आफ्रिकेचे फोटोग्राफर डेव्हिड गोल्डब्लाट यांनी १९८९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये ‘मार्केट फोटो वर्कशॉप’ सुरू केला, तेव्हा वर्णभेदाच्या राजवटीतही सर्वांना तिथे दार खुले होते आणि तिथून निघालेल्यांनी त्या देशाची गोष्ट जगाला दाखवली. लग्नांचा हिशेब लावत बसले असते तर ते घडले नसते. पोट आणि नजर यांत केंद्राने पोट निवडले. त्या परिस्थितीत तेच निवडावे असे मलाही वाटले असते. पण निवड केली हे कबूल करायला हवे होते, आणि त्या एका मुलासाठी काही सोय शोधायला हवी होती.

वेगळे काय करता आले असते

करार आधी, काम नंतर. कॅलेंडरचा प्रकार टाळण्यासारखा होता. विद्यार्थ्याला बाहेर पाठवताना ‘सराव’ हा शब्द केंद्राने वापरूच नये. काम असेल तर मोबदला आणि कागद, नसेल तर पाठवू नये.

विमा. कॅमेऱ्यांचा विमा महाग पडतो म्हणून घेतला नाही. चामाच्या वर्गणीतून त्याची तरतूद पहिल्या महिन्यापासून केली असती तर चोरीचा भार एका हंगामावर पडला नसता.

परवाने. केनियात सार्वजनिक दाखवण्यासाठी चित्रीकरण करायला फिल्म्स अँड स्टेज प्लेज ॲक्टखाली परवाना लागतो. नैरोबीच्या मधल्या भागात नुसता मोठा कॅमेरा बाहेर काढला तरी शहर प्रशासनाचे लोक, ज्यांना तिथे कांजो म्हणतात, येऊन कागद विचारतात, आणि कागद नसला तर चहापाण्याची भाषा सुरू होते. केंद्राने मुलांना एवढेच सांगितले होते की ‘काळजी घ्या’. कोणत्या कामाला परवाना लागतो, कोणत्याला नाही, आणि अडवले तर काय बोलायचे, हे भाव बोलण्यासारखेच वर्गात घोकून घ्यायला हवे होते.

देणगीदाराशी बोलणे. कपाट अर्धे उघडले, पण मालमत्ता-यादीत कॅमेरे अजून केंद्राच्याच नावावर आहेत. चामाने भरलेला नवा कॅमेरा कोणाचा, यावर आजही लेखी काही नाही. चामाचे म्हणणे, पैसे आमचे, कॅमेरा आमचा. देणगीदाराचे म्हणणे, जो हरवला तो आमचा होता, त्याच्या जागी आलेलाही आमचाच. संचालिका दोघांनाही हो म्हणते. फोटोच्या हक्काचा कागद शिकवणाऱ्या केंद्राने कॅमेऱ्याच्या हक्काचा कागद केला नाही, आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.